विश्राम सारंगाची आडवी करवंदी

मे महिन्यात विश्राम चिंदरकराच्या पडवीत कोणीही टेकला की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्यापुढे करवंदांची टोपली यायची, आणि टोपलीमागून एक रिकामी पितळी वाटी. पाहुणा करवंदं खायचा आणि वाटीकडे बघत राहायचा. मग विश्राम सांगायचा, "बियो हेच्यात थुकायच्यो. गिळूच्यो नाय."

हे मुंबईच्या जावयाला सांगून झालं, पोस्टमनला सांगून झालं, एकदा तर लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या तळेऱ्याच्या भटजींनाही सांगून झालं. भटजी संकोचले, वाटी घेऊन पडवीच्या कडेला गेले, पाठ फिरवली आणि मग थुंकले. वाडीत लोक म्हणायचे, बाकीच्यांकडे जेवायला बोलावतात, विश्रामाकडे थुंकायला बोलावतात. विश्रामाला त्याचं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी तो वाटीतल्या बिया धुवायचा, राखेत घोळवायचा आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून दोन-दोन पेरायचा. करवंदाची बी शिळी झाली की रुजत नाही, हे त्याला एकदा डबाभर बिया सुकवून ठेवल्यावर कळलं होतं. डब्यातून एकही कोंब आला नव्हता. तेव्हापासून बी ताजी हवी आणि ताज्या बीसाठी ताजं तोंड हवं, असं त्याचं शास्त्र.

विश्राम चौतीस वर्षं मालाच्या बोटींवर होता. त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. दोर, साखळ्या, रंग आणि गंज हे त्याचं राज्य. साठाव्या वर्षी तो कायमचा घरी आला आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या लक्षात आलं की या घरात आपल्याला करायला काहीही ठेवलेलं नाही. माड, आंब्याची कलमं, गाय, पाण्याची बाव, भावकीतले रुसवेफुगवे, सगळं बायकोच्या, गौरजाच्या, हाताखाली बिनबोभाट चाललं होतं. त्याने माडाला आळं करायला कुदळ उचलली की ती म्हणे, ऱ्हवांदे, शेजारचो बाबली करता. रातांब्याच्या सोलांना, म्हणजे कोकमांना, तर ती त्याला बोट लावू देत नसे, आगळाचा, त्यांच्या रसाचा, डाग पडेल म्हणून. डाग सदऱ्यावर पडेल की सोलांवर, ते सांगत नसे. गाय त्याला ओळखतच नव्हती. त्याने घमेलं पुढे केलं की ती मान वळवून गौरजाची वाट बघायची.

उरला होता एक उतार.

चिंदरकरांचं घर आचऱ्याच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. घरापुढे शेणाने सारवलेलं खळं, खळ्यात तुळस, आणि खळ्याखाली दगडी गडग्यापर्यंत, कुंपणाच्या बांधापर्यंत, उतरत गेलेला कातळ. कातळाच्या भेगांत वीतभर तांबडी माती, तीसुद्धा दरवर्षी थोडी कमीच. पावसात ती वाहून खालच्या बावीत जायची आणि आषाढभर बावीचं पाणी चहासारखं दिसायचं. जानेवारीनंतर वारा सुटला की उरलेली उडून माजघरात यायची. विश्रामाला तो उतार बघवत नसे. बोटीवर डेकचा पत्रा असा उघडा पडला असता तर त्याने चार खलाशी कामाला लावले असते. जे उघडं पडतं त्याला हवा खाते, हे त्याला समुद्राने शिकवलेलं. त्या उताराला एक हिरवं पांघरूण हवं, असं त्याच्या मनाने घेतलं. बारा महिने हिरवं, गुडघ्याच्या खाली राहणारं आणि पाणी न मागणारं.

गौरजाला मात्र तो उतार कधी उघडा वाटलाच नव्हता. एप्रिल-मेमध्ये तिचं सगळं वाळवण त्याच कातळावर व्हायचं. आंब्याची साठं, फणसाचे पापड, कुळीथ, आणि मुख्य म्हणजे सोलं. रातांब्याची साल रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची. वरून ऊन तर कुठेही मिळतं, पण खालून तापलेला कातळ लागतो. त्या कातळावर चार दिवसांत जी सोलं होत ती दुसऱ्याच्या अंगणात आठ दिवसांत होत नसत आणि झाली तरी तशी काळीभोर होत नसत. तिची सोलं शिरोड्याच्या माहेरापर्यंत जात. म्हणजे एकाच उतारावर नवऱ्याला पांघरूण घालायचं होतं आणि बायकोला तो उघडाच हवा होता.

विश्रामाने पहिल्या वर्षी हिरवळीचे गालिचे आणले. टेम्पोतून गुंडाळून आलेलं गवत बघायला वाडी लोटली. गवत दिसायला फार सुंदर होतं आणि प्यायला त्याहून. सकाळी प्यायचं, संध्याकाळी प्यायचं, आणि मार्चमध्ये एक दिवस गौरजाने बावीत कळशी सोडली तर ती तळाच्या दगडावर वाजली. तिने वर बघून एवढंच विचारलं, की आता गाय काय पितली, गवत? त्याच दिवशी गवत गुंडाळून गाईपुढे गेलं. विश्रामाचं त्या गाईशी तेवढं एकदाच जमलं.

दुसऱ्या वर्षी त्याने रुपेरी पानांचं, सुवासाचं एक परदेशी झुडूप आणलं. पाण्याशिवाय जगतं, अशी चिठ्ठीच त्याच्या गळ्यात बांधलेली होती. चिठ्ठी खोटी नव्हती. उन्हाळा त्याने सहज काढला आणि श्रावणात मुळापासून कुजून काळं पडलं. ज्या मुलखातलं ते होतं तिथे कोरडं ऊन असेल, पण सड्यावरचा आषाढ त्याला कोणी सांगितला नव्हता. तेव्हा कुठे विश्रामाच्या डोक्यात उजेड पडला. नुसतं तहान सोसणारं झाड इथे कामाचं नाही. इथे आठ महिने तव्यावर आणि चार महिने पाण्यात जगणारं हवं.

मग एका दुपारी पडवीत पडल्या पडल्या त्याला डरबन आठवलं. बंदराबाहेरच्या वाळूच्या चढावर, खाऱ्या वाऱ्यात, जमिनीसरशी पसरलेलं एक गर्द झुडूप त्याने पाहिलं होतं. पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, काटे, आणि पान तोडलं की चीक. फुलाचा वास घेऊन त्याने बरोबरच्या खलाशाला तेव्हाच सांगितलं होतं की ही आपल्या करवंदीची बहीण, फक्त हिला कोणीतरी निजायला शिकवलंय. तो ताडकन उठून बसला. घराच्या मागे सड्यावर करवंदीच्या जाळ्याच जाळ्या होत्या. त्यांना कोणी पाणी घालत नव्हतं, पावसात त्या कुजत नव्हत्या, काट्यांमुळे गुरं तोंड लावत नव्हती, वैशाखातही त्यांचं पान गळत नव्हतं. अडचण एकच. त्या उभ्या राहायच्या. उभी आहे तिला आडवी करता येईल, असं त्याने गौरजाला मोठ्या उमेदीने सांगितलं. ती म्हणाली, आधी स्वतःचं दुपारचं आडवं होणं कमी करा.

तिथून ती थुंकायची वाटी सुरू झाली. वर्षभर पिशव्यांत वाढवलेली साठ रोपं त्याने मिरग लागल्यावर, म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसात, उतारावर लावली. पारयीने, म्हणजे लोखंडी पहारीने, कातळाची भेग मोकळी करायची, त्यात पालापाचोळा आणि माती ठासायची आणि रोप बसवायचं. अशा पाच ओळी. वरच्या दोन नेमक्या गौरजाच्या वाळवणाच्या कातळावर. मग आडवी करायचं काम. फांदी हातभर वाढली की हलकेच वाकवायची, जमिनीला टेकेल तिथे सालीवर नखाचा ओरखडा काढायचा, त्यावर मूठभर माती आणि वर चिऱ्याचा तुकडा. ऐकत नसेल त्या फांदीला सुंभाची गाठ मारून खुंटीला बांधायची. वर डोकावेल तो शेंडा खुडायचा. बोटीवर पेट्या आवळायला वापरलेल्या साऱ्या गाठी त्याने त्या करवंदींवर वापरल्या. शेजारचा बाबली, त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि आता वाडीतला रिक्षावाला, गडग्यावर बसून हे बघायचा. करवंदी रात्री पळून जाते काय, असं त्याने विचारलं. बांधल्याशिवाय डेकवर काही ठेवायचं नसतं, असं विश्राम गाठीतून मान वर न काढता म्हणाला.

पहिल्या उन्हाळ्यात रोपांची मुळं खोल गेलेली नव्हती, तेव्हा दर आठव्या दिवशी एकेक तांब्या पाणी द्यावं लागलं. गौरजाने तेवढं चालवून घेतलं. पण त्या वर्षी तिला सोलं घेऊन बाबलीच्या घरी जावं लागलं, त्याच्या स्लॅबवर वाळवायला. बाबलीची बायको यशोदा वागायला चांगली, गौरजाच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून तिने टोपल्या वर नेऊन चटया आपल्या हाताने घातल्या. पण तीस वर्षांत गौरजाने स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या दारात वाळत घातली नव्हती. बाबलीच्या अंगणातून परतताना ती कोणाशी बोलायची नाही.

म्हणून गेल्या शिमग्याला तिने विषय काढला. बाबली पडवीत चहा पीत होता. ती म्हणाली, यंदाही पाणी घालणार असाल तर हे झाड कसलं कोरड्याचं, ते आणि गवत सारखंच. विश्रामाला ते लागलं. त्याने कप खाली ठेवला.

"बाबल्या, तू साक्ष. आजपासून मिरगापर्यंत मी थेंब पाणी घालूचंय नाय. जगली तर उतार माजो. मेली तर मियाच उपटून कातळ धुवन देतंय."

"आनी मधी पाणी घातलास तर?" गौरजाने विचारलं.

"तर थंयच हरलंय."

बाबलीला साक्षीदार म्हणून आपणही काहीतरी भर घालावी असं वाटलं. पाणी कुठूनही येऊ दे, पडलं की विश्राम हरला, असं त्याने जाहीर केलं. त्यावर कोणी विचार केला नाही.

चैत्र गेला. ऊन असं पडलं की खळ्यातलं सारवण पापडासारखं उलायला लागलं. विश्रामाचा दिवस ठरलेला. सकाळी उताराची एक फेरी, शेंडे खुडणं, दगड सरळ करणं, मग जेवण, मग एक ते तीन पडवीत घोरणं, मग पुन्हा फेरी. आणि प्रत्येक फेरीला त्याची छाती थोडी पुढे येत होती, कारण वरच्या दोन ओळी नुसत्या जगल्या नव्हत्या, माजल्या होत्या. लांब लुसलुशीत फांद्या, पोपटी पानं. खुडून खुडून त्याची बोटं दुखायला लागली. खालच्या तीन ओळी मात्र जेमतेम. पानं बारकी, काळपट हिरवी, फांद्या कातळाला चिकटून बसलेल्या. त्या मरणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. पण साठातली चोवीस जरी दिमाखात उभी राहिली तरी पैज आपली, असं तो बाबलीला रोज पटवत होता.

आणखी एक गोष्ट व्हायला लागली होती. वाडीतली मांजरं त्या वरच्या ओळींत येऊन बसायला लागली. आधी दोन, मग पाच. भर दुपारी काट्यांत अंग चोरून बसायची आणि घराकडे बघत राहायची. विश्राम त्याचंही श्रेय करवंदीला द्यायचा. जमीन झाकली की खाली गारवा राहतो, जनावराला ते आधी कळतं, असं तो सांगायचा.

सांगायला माणसंही येऊ लागली होती. देवबागचे दोन होमस्टेवाले आले. त्यांच्याकडे वाळू होती, ऊन होतं, पाहुण्यांना फोटोला हिरवळ हवी होती आणि पाणी टँकरचं होतं. विश्रामाने त्यांना वरच्या दोन ओळींपुढे उभं केलं आणि हाताने सगळा उतार दाखवला. खाली जायला ते निघाले तर म्हणाला, पाय घसरतो, नको. त्यांनी ती गोष्ट तालुक्याला नेली आणि तिथून वैशाखातल्या एका सकाळी कृषी सहाय्यक गुरुप्रसाद मोटारसायकलवरून आला. मूळचा खारेपाटणचा, नवा नोकरीला लागलेला, बोलायला नम्र आणि खिशात छोटी खुरपी बाळगणारा. सरकारी माणूस दिसताच विश्रामाची भाषा पुस्तकी झाली.

"काका, शिमग्यापासून अजिबात पाणी नाही?"

"एक थेंब नाही. हे साक्षीदार बसले आहेत."

गडग्यावरच्या बाबलीने साक्षीदारासारखी मान हलवली. गुरुप्रसाद वरच्या ओळीशी उकिडवा बसला. त्याने एक फांदी उचलून वाकवली, ती काकडीच्या वेलासारखी वाकली. त्याने भुवया वर केल्या. मग खुरपीने माती थोडी उकरली आणि बोट आत घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज गेलं आणि बाहेर आलं ते ओलं. गुरुप्रसादने बोटाचा वास घेतला. काट्यांतलं एक मांजर उठून त्याच्या जवळ आलं.

"काका," तो फार हळू आवाजात म्हणाला, "इथे कोणी बांगडे धुतं का?"

त्याच्या नखाला एक खवला चिकटला होता आणि उन्हात चमकत होता.

बाबली गडग्यावरून उतरला, आला, त्याने वास घेतला आणि पुन्हा जाऊन बसला, कारण त्याला हसू आवरायला बसणं भाग होतं. विश्राम त्या खवल्याकडे बघत राहिला. दोन महिने आलेल्या-गेलेल्याला तो जी ओळ दाखवत होता, ती त्याच्याच घरच्या म्हावऱ्याच्या पाण्यावर पोसली होती. त्याने मान वळवली. गौरजा खळ्याच्या कडेला येऊन उभी होती, हातात सूप. ती काही लपवायच्या बेतात नव्हती.

"तूच घातलंस?"

"मीच."

कधी, कसं, हे तिने आपण होऊन सांगितलं. दुपारी तो घोरायला लागला की मागीलदारी म्हावरा धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण, भांडी विसळलेलं, जे काही असेल ते टोपात भरून ती वरच्या दोन ओळींना घालायची. बावीचं पाणी एक कळशीही वापरलं नव्हतं, तेव्हा त्या बाबतीत कोणी तिला नाव ठेवायचं नाही. आणि हे शिमग्याच्या चौथ्या दिवसापासून.

विश्रामाला राग यायला हवा होता, पण त्याच्या आधी आश्चर्य आलं.

"अगो, पण तू जिकत होतंस मगे. मेली असती तर कातळ तुजो होतो. कित्याक घातलंस?"

गौरजाने सूप खाली ठेवलं.

"जिकत होतंय, तेका काय करू? खळ्यात इल्यार रोज समोर दिसत ती. दुपारची पाना मिटून बसत. चौतीस वर्सां तुमी बोटीर होतास. ह्या दारात जा काय जगला ता मी शिपलंय म्हणान जगला. दारातला झाड तानेला ठेवन जेवूक बसाची सवय माका नाय. पैज तुमका म्हायत, माका म्हायत. माज्या हाताक ती कोण सांगतलो?"

गुरुप्रसादने उगाचच खुरपी पुसली. बाबलीचं हसू थांबलं होतं, आणि आता सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याला कळलं. तो साक्षीदार होता. त्याने डोकं खाजवलं, घसा साफ केला आणि दोस्ताच्या नजरेला नजर न देता सांगितलं की ठरल्याप्रमाणे पाणी पडलेलं आहे, कुठूनही येऊ दे असं आपणच म्हटलं होतं, तेव्हा विश्राम हरला.

विश्रामाने वाद घातला नाही. दोर तुटला तर दोराशी भांडून उपयोग नसतो. हरलंय, म्हणाला, आणि पडवीतून पारय घेऊन आला. पण वरच्या टवटवीत ओळीला पारय लावायचा त्याचा धीर होईना. आधी खालच्या काढतो, म्हणाला, त्या नाहीतरी मेल्यातच जमा. आणि तो उताराने खाली गेला. त्याच्या मागोमाग गुरुप्रसाद गेला, कारण मोटारसायकल सुरू करून निघून जायची ती वेळ नव्हती.

शेवटच्या ओळीतल्या एका करवंदीची फांदी विश्रामाने मुठीत धरून ओढली. दगडासकट हातात येईल असं त्याला वाटलं होतं. ती आली नाही. त्याने पुन्हा ओढली. काटा बोटात गेला पण फांदी हलली नाही. त्याने तिच्यावरचा चिऱ्याचा तुकडा बाजूला केला, तर ओरखडा काढला होता तिथून मुळांचा झुपका निघून सरळ कातळाच्या भेगेत गेला होता. दुसरा दगड उचलला, तिथेही तेच. एका रोपाची चार झाली होती आणि चारही आपापल्या भेगेत घट्ट. त्याने एक पान तोडलं. चामड्यासारखं जाड. चीक टपटपला.

"काका, पारय ठेवा," गुरुप्रसाद म्हणाला. तो आता गुडघ्यांवर बसला होता आणि त्याची पँट तांबडी झाली होती. "तुमचं झाड हे आहे. वरचं नव्हे."

त्याने दोघांना समजेल असं सांगितलं. वरच्या ओळींना रोज पाणी वरच्या वर मिळालं, तेव्हा त्यांची मुळं वरच बसून राहिली आणि सगळं बळ फांद्यांत गेलं. काकी आठ दिवस माहेरी गेल्या तर त्या माना टाकतील. खालच्यांना काही मिळालं नाही, म्हणून त्या खाली शोधत गेल्या आणि अंग चोरून पसरल्या. पांघरूण म्हणतात ते हेच. दोन पावसाळे जाऊ देत, मधला कातळ दिसणार नाही.

"पण खाली खरंच कोणी पाणी घातलं नाही ना?" त्याने वर बघून विचारलं. एकदा फसलेला माणूस होता.

"माजी ढोपरां थंयसर पोचनत नाय," गौरजाने वरून सांगितलं.

एवढा खात्रीचा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला नसता. बाबलीने लगेच निकाल बदलायची तयारी दाखवली. म्हणाला, खाली पाणी नाही म्हणजे खाली विश्राम जिंकला, वर हरला. विश्रामही त्या बाजूने झुकायला लागला होता. गौरजाने दोघांना थांबवलं. पैज सबंध उताराची होती, पाणी उतारावर पडलं, तेव्हा उतार माझा, यात फेरफार नाही. तिला आधी पूर्ण जिंकायचं होतं. विश्रामाने मान खाली घातली आणि पारय कातळावर टेकवली.

मग ती म्हणाली, खालच्या तीन ओळी राहू देत. तिथे तिने कधी वाळवण घातलंच नव्हतं, कातळ तिरका, सोलं घरंगळून गडग्याशी जातात. वरची पहिली ओळ मात्र जागेवरून हलवायची. आणि दुसरी? गुरुप्रसादने भीत भीत सांगितलं की ती आता इतकी वर चढलीय की तिला झोपवायला फार छाटावं लागेल. त्यापेक्षा उभीच ठेवली तर काट्यांची चांगली वय, म्हणजे कुंपण, होईल. वय म्हटल्यावर गौरजाने डोळे बारीक करून कातळाकडे बघितलं. यशोदेच्या कोंबड्या दरवर्षी खालूनच चढून सोलांवर यायच्या. वय असेल तर ऱ्हवांदे, ती म्हणाली. असा तो उतार तिने अर्धा परत दिला आणि तरी सगळा स्वतःचा ठेवला.

विश्रामाने लगेच पहिली ओळ काढायला घेतली. हरलेल्या माणसाने हुशारी दाखवायची तर ती कामातच. पारय भेगेत घातली, आणि तेवढ्यात तिचा आवाज वरून आला.

"आता? भर वैशाखात उपटतास? मरतली ती."

"तुकाच कातळ होयो ना?"

"होयो. मिरग झाल्यार होयो."

म्हणजे सोलांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. रातांबे तर पिकून पडत होते, मागीलदारी दोन टोपल्या फोडून तयार होत्या. बाबलीने आपला स्लॅब देऊ केला. गौरजाने काही म्हटलं नाही, म्हणजे नको. विश्राम इकडेतिकडे बघत होता. त्याची नजर न्हाणीघरावर गेली. तीन वर्षांपूर्वी बांधलेलं, वर उघडा स्लॅब, दिवसभर ऊन, खालून चुलीची धग. त्याच्यावर चढायला भिंतीला टेकलेली एक शिडी होती आणि गौरजाचे गुडघे ती शिडी चढू शकत नव्हते. तिने हा विचार आधी केला नसेल असं नाही. फक्त चढणार कोण, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं.

त्याने विचारलं. तिने त्याच्या सदऱ्याकडे बघितलं, मग टोपल्यांकडे, मग पुन्हा सदऱ्याकडे. सदरा काढून जा, म्हणाली.

मिरगाला अजून पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत वाडीने एक नवं दृश्य बघितलं. विश्राम सारंग, उघड्या अंगाने, कमरेला पंचा, डोक्यावर टोपी, न्हाणीघराच्या स्लॅबवर ओणवा. चौतीस वर्षं शिड्या चढलेला माणूस, टोपली एका हातात धरून तो असा चढायचा की बाबली रिक्षा थांबवून बघायचा. सोलं त्याने ओळीने मांडली, प्रत्येकीत बोटभर अंतर, सगळ्यांची तोंडं दर्याकडे. असं कोणी मांडत नाही, असं गौरजाने खालून सांगितलं. पण मोडून टाक असं म्हणाली नाही. दुपारचं घोरणं बंद झालं, कारण सोलं एक वाजता परतायची असतात आणि तीनला पुन्हा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आगळाचे तांबडे डाग पडले.

वरून सगळा उतार दिसायचा. खालच्या तीन ओळी काळपट हिरव्या, कातळावर अंग टाकून पडलेल्या. वरच्या दोन मात्र आता मरगळल्या होत्या. गुरुप्रसादने पाणी एकदम तोडू नका पण हळूहळू कमी करा, म्हणून बजावलं होतं, आणि गौरजाने ते अक्षरशः धरलं होतं. मांजरं एकेक करून निघून गेली होती.

एका दुपारी परतता परतता विश्रामाचे हात थांबले. पहिल्या ओळीतली एक करवंदी पार मान टाकून होती, पानं मिटलेली. त्याने बघितलं, नजर काढून घेतली, पुन्हा बघितलं.

"अगो," तो वरून म्हणाला, "त्या कडेच्याक वायच पाणी घालू काय?"

खालून भांडी घासायचा आवाज बंद झाला.

"हात लावशात तर बघा. आठवड्याक एकच टोप, असा सांगल्यान हा गुरुप्रसादान. कालच घातलंय. ऱ्हवांदे तेका, शिकांदे."

विश्रामाने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आनी मधली सोलां परतलास?" खालून विचारणा आली.

"परततंय," तो म्हणाला, आणि ओणवा झाला.